घाट उतरायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुमच्यासमोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. गल्लीत तुम्ही 'एसटीतले काका'. प्रवाशांनी भरलेली बस घेऊन परतवाडा–चिखलदरा घाट तुम्ही वर्षानुवर्षं उतरलात आणि निवृत्तीनंतर ती विद्या मला शेजारी बसून शिकवलीत, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

नागपुरात गाडी शिकणारी आपण सपाटीची माणसं. उतार म्हणजे सेमिनरी हिल्सचा, तोही सुरू होतो न होतो तोच संपतो. आमच्या डोळे तपासणीच्या पथकाकडे मेळघाटातली गावं आली आणि बोलेरो कॅम्परची किल्ली माझ्या हातात आली, तेव्हा मी तुमच्या दारात उभी राहिले. तुम्ही एवढंच विचारलंत, "चढवशीन तू बरोबर. उतरवशीन कशी?"

मग रामटेक. सकाळी गर्दी व्हायच्या आत गडाच्या रस्त्यावर वर-खाली, वर-खाली. तुमचा सगळा जोर एकाच गोष्टीवर होता: उतार लागायच्या आधी, माथ्यावरच, गिअर ठरवायचा. "मंग नाही जमत, पोरी." का नाही जमत, हेही तुम्ही सांगितलंत. गाडीने एकदा वेग धरला की खालचा गिअर सहज पडत नाही. क्लच दाबून गिअर शोधत बसलं तर तेवढा वेळ इंजिनची ओढ सुटते आणि गाडी आणखी पळते. जबरदस्तीने टाकलाच, तर इंजिनचे फेरे झेपणार नाहीत इतके वाढतात. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुना नियम तुम्ही सांगितलात आणि लगेच पुढचंही सांगितलंत की आताची इंजिनं ताकदीची आहेत, तिसऱ्यातही चढतात, म्हणून उतरताना एक गिअर आणखी खाली घ्यायचा. रेसवरून पाय काढल्यावर गाडी स्वतःहून आवरलेली राहिली, तर तो गिअर बरोबर.

मला हिशेब करून पाहायची सवय. परतवाडा आणि चिखलदऱ्याच्या उंचीत साधारण ७०० मीटरचा फरक आहे. माणसं आणि सामान धरून अडीच टनांची गाडी तेवढी खाली येते, तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेत पन्नास लिटर पाण्याला उकळी फुटेल. एवढी उष्णता एकट्या ब्रेकने जिरवायची म्हटलं, तर लायनर तापून त्याची पकड कमी होणार आणि खालपर्यंत जळका वास येणार. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळू शकतं. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट खाली जातं आणि हातात काही उरत नाही. तुम्ही हे आकडे कधी मांडले नाहीत, पण तुमचं म्हणणं हेच होतं: पाय ब्रेकवर ठेवून उतरायचं नाही. वेग वाढला की एकदा नीट दाबायचा, वेग हवा तेवढा खाली आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. मधल्या वेळात ब्रेकला वारा लागतो.

ब्रेक ऑइलबद्दल तुम्ही सांगितल्यावर मी वाचूनही पाहिलं. 'डॉट ३' प्रतीचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषून ती मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. 'डॉट ४' ला हेच आकडे २३० आणि १५५. डब्यात काळपट झालेलं तेल पाहून तुम्ही "आधी हे बदल, मंग मेळघाट" का म्हणालात, ते तेव्हा नीट कळलं.

न्यूट्रलवर तुम्ही जेवढे चिडलात तेवढे दुसऱ्या कशावरच चिडला नाहीत. डिझेल वाचतं म्हणून घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारी माणसं आजही आहेत. वास्तविक आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू राहायला डिझेल लागतं. आणि कोणी इंजिनच बंद केलं, तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-चार वेळा पेडल दाबण्यात संपतो, स्टिअरिंग जड होतं. हे प्रत्येक घाटाच्या माथ्यावर फलकावर लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

खरी परीक्षा डांबरी घाटात झाली नाही. ती ऑगस्टमध्ये, एका पाड्याकडे उतरणाऱ्या लाल चिखलाच्या वाटेवर झाली. मागे तपासणीची यंत्रं, शेजारी आमच्या डॉक्टर मॅडम. तुम्ही सांगितलं होतं तसं आधी उतरून वाट पायी पाहिली. यंत्रांच्या पेट्या पुढे सरकवून, खाली ठेवून, दोरीने आवळल्या. फोर बाय फोर लो (चारही चाकांना इंजिनची ओढ देणारा, सगळ्यात हळू चालीचा लिव्हर), पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून बाजूला. उतारावर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. इंजिनची ओढ फक्त मागच्या चाकांवर असेल तर चिखलात तीच आधी घसरतात, आणि म्हणूनच तिथे चारही चाकांना ओढ हवी. (कोरड्या डांबरावर मात्र हा लिव्हर लावायचा नाही, वळणावर चाकं अडतात, हेही तुमचंच.) मध्येच मागची बाजू उजवीकडे सरकू लागली. हात-पाय ब्रेक मागत होते. पण चाकं अडकली की वळवता येत नाहीत, हे तुम्ही रामटेकला इतक्या वेळा म्हणवून घेतलं होतं की पाय जागचा हलला नाही. स्टिअरिंग जरा उजवीकडे, रेस किंचित, आणि गाडी पुन्हा उताराच्या रेषेत सरळ झाली. आडवी झाली असती तर उलटली असती. मॅडमना त्यात काही विशेष घडलं असं जाणवलंच नाही, काका. तुमच्या शिकवणीचं याहून मोठं कौतुक मला सुचत नाही.

अरुंद वळणावर खालून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हेही पाळते. कायद्यातही तसंच आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं किती कठीण असतं, ते तुम्ही बसच्या स्टिअरिंगवर बसून अनुभवलेलं.

आता पथकासाठी दुसरी गाडी येते आहे, ऑटोमॅटिक. 'डी' मध्ये ठेवून घाट उतरला तर ती आपल्या मर्जीने वरचा गिअर घेईल, म्हणून हाताने खालच्या गिअरवर अडकवावी लागेल, एवढं मला कळलंय. पण तुम्ही शेजारी बसल्याशिवाय तिला घाटात न्यायची नाही, असं ठरवलं आहे. गुडघ्याचं दुखणं कमी झालं की सांगा. रामटेकला जाऊ. काकूंनाही घेऊ, त्यांचं गडावरचं दर्शन राहिलंय म्हणाल्या होत्या.

तुमची,
गल्लीच्या टोकाच्या घरातली पोरगी
नागपूर