ईसीएम बदलण्याआधी ओहम मोजा

महोदय,

पावसाने जोर धरला की खानापूर, जांबोटी, चोर्ला घाट या पट्ट्यातल्या गाड्या एकच तक्रार घेऊन गॅरेजला येतात. एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग असे सगळे दिवे एकदम पेटतात, मीटरचे काटे पडतात, गाडी कधी सुरू होते, कधी नाही. दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की 'यू'ने सुरू होणारे कोड दिसतात आणि गिऱ्हाइकाला सांगितले जाते, 'ईसीएम', म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, 'गेला.' पुष्कळदा तो गेलेला नसतो.

'यू ०१००' या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनाच्या ईसीएमचे बोलणे गाडीतल्या बाकीच्या युनिटना (एबीएस, एअरबॅग वगैरेंच्या कॉम्प्युटरना) ऐकू येत नाही. फोन लागला नाही म्हणून माणूस गेला असे आपण म्हणत नाही. ईसीएमचा फ्यूज, त्याची अर्थिंग, वायर, सॉकेट, यातले काहीही बिघडले तरी हाच कोड येतो. बॅटरी उतरली असेल आणि सेल्फ मारताना व्होल्टेज ९-१०च्या खाली जात असेल तरीसुद्धा असे कोड साठतात. म्हणून आधी बॅटरी तपासावी, कोड पुसावेत आणि परत कोणते येतात ते बघावे.

युनिट एकमेकांशी बोलतात ते कॅन (CAN) नावाच्या सामायिक लाइनवरून. हाय आणि लो अशा दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात आणि लाइनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर असल्याने मीटरवर ६० ओहम यायला हवेत. मोजायचे असे : बॅटरीची निगेटिव्ह काढा, थोडे थांबा, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या (स्कॅनर लावतात त्या) सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मीटर लावा. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर तुटला आहे किंवा वायर मध्येच तुटली आहे. शून्याच्या जवळ आले तर हाय-लो एकमेकींना चिकटल्या आहेत. ४० आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवला आहे. बॅटरी जोडलेली ठेवून ओहम मोजणाऱ्याला काहीही आकडा मिळतो, त्याच्यावर विसंबू नये. नव्या काही गाड्यांत सॉकेट आणि आतल्या लाइनी यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे दोन्हीकडचे निरोप पोचवणारा मधला युनिट, असतो. तिथे या दोन पिनांवरून आतल्या लाइनीचा अंदाज लागत नाही, वायरिंग डायग्राम बघून आतल्या सॉकेटवरच मोजावे लागते.

ओहम बरोबर असतील तर बॅटरी जोडून, चावी ऑन करून व्होल्टेज घ्या. अर्थिंगच्या तुलनेत हायवर २.५च्या किंचित वर, लोवर किंचित खाली, दोन्हींची बेरीज ५च्या आसपास. हायवर ० म्हणजे ती बॉडीला लागली, १२ म्हणजे पॉझिटिव्हला. मग मीटर लावून ठेवा आणि एकेक युनिटचे सॉकेट काढत जा. ज्याचे काढल्यावर आकडा जागेवर येतो, दोष तिथे किंवा त्याच्या वायरीत. एअरबॅगच्या सॉकेटला मात्र बॅटरी काढून, कंपनीने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय हात लावू नये. आणि बल्बचा टेस्टर या लाइनीला लावूच नये.

आपल्याकडे बिघडते काय? काचेखालच्या जाळीत पालापाचोळा अडकतो, पाण्याची वाट तुंबते आणि पाणी केबिनच्या फ्यूज बॉक्सवर ठिबकते. मग सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात. ऊस तोडला की शेतातले उंदीर गोठ्याकडे आणि तिथे लावलेल्या गाडीकडे वळतात, वायरिंग कुरतडतात. बाहेरून लावलेला कॅमेरा, म्युझिक सिस्टीम, जीपीएस यांचे जोड नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेले असतात. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये कायम खुपसून ठेवलेले स्वस्त स्कॅनर लाइन झोपू देत नाहीत आणि बॅटरी खातात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराच्या नव्या नियमांच्या) डिझेल ट्रकांचा नॉक्स सेन्सरही, म्हणजे धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा सेन्सर, कॅनवरच बोलतो. तो सायलेन्सरजवळ असतो, वायर तापून वितळते आणि त्या एका सेन्सरमुळे अख्खी लाइन बसते. कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रकमालकांनी हे ध्यानात ठेवावे.

जोड घालताना पीळ जास्त सोडू नये, दोन वायरींचे जोड मागेपुढे ठेवावेत, जोडाला डाख देऊन (सोल्डर करून) वर हीट-श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवावी. मोजण्यासाठी वायरीला टाचणी टोचायची सवय वाईट. आज आकडा मिळतो आणि दोन पावसाळ्यांनी त्याच भोकातून वायर सडते.

बेळगाव, चिक्कोडी, निपाणी, खानापूरच्या मेस्त्रींना आमची विनंती आहे, की यू कोडवरून युनिट बदलायचे ठरले तर बिलावर आधीचे ओहम, नंतरचे ओहम आणि हाय-लोचे व्होल्टेज लिहून द्यावे. हजारभर रुपयांच्या मीटरने दहा-पंधरा मिनिटांत होणारे हे काम आहे. गिऱ्हाइकांनीही हे आकडे मागावेत आणि काढलेला जुना युनिट घरी न्यावा.

— वाहनांच्या वायरिंगचे काम करणारे काही कारागीर, उद्यमबाग, बेळगाव