देव्हाऱ्यातला चेक

उरण, रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय बाळ्या,

तुझ्या वडिलांच्या, दादांच्या, दिवसकार्याला मी आलो नाही, हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे हात मोकळा राहील. ताप ही थाप होती. तुला तेव्हाच कळलं असणार, पण तू काही बोलला नाहीस आणि त्यानेच जास्त लागलं. इकडे सगळे बरे. माझा गुडघा आहे तसाच.

आमच्या देव्हाऱ्यात सध्या पाच लाखांचा चेक आहे. खंडोबाच्या टाकाखाली, घडी घालून. पक्याने आणला, विसार म्हणून. आईला वाचता येत नाही, तरी तिने तो दोन्ही बाजूंनी बघितला, पदराला हात पुसले आणि टाकाखाली सरकवला. सातबाऱ्यावर आम्ही तिघं, तेव्हा सह्याही तिघांच्या. पक्याची झाली. आई म्हणते, "मना काय इचारता, तुमी दोगा ठरवा." एजंट बुधवारी येतोय.

तिसऱ्या मुंबईचं तुला वेगळं सांगायला नको. २०२४ च्या ऑक्टोबरात उरण, पनवेल, पेणची १२४ गावं त्या नव्या शहरात गेली, त्यात आम्हीही. ३२३ चौरस किलोमीटर. पक्याने हा आकडा पाठ केलाय, पाढा म्हणावा तसा म्हणतो. तुमच्या नवी मुंबईच्या वेळी ९५ गावं होती, म्हणजे यावेळी आम्ही तुमच्यापुढे आहोत, घे!

पनवेलच्या एसटी स्टँडवरचं भांडण आठवतं ना? २००८ चा सप्टेंबर. सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची का यावर पेणकडच्या २२ गावांत नुकतं मतदान झालं होतं, मामाचं गाव त्यात, आणि मी असा फुगलो होतो जणू मीच आंदोलनाच्या एन. डी. पाटलांच्या शेजारी बसून आलोय. भजी खाता खाता तुला म्हणालो, "तुमच्या लोकांनी सह्या ठोकल्या नि गाड्या घेतल्या. आम्ही नाही ठोकणार." तू चहाचा ग्लास तसाच ठेवलास. म्हणालास, "माझ्या बापाने सही केली नव्हती रे. नोटीस आली होती. विकणं वेगळं, जाणं वेगळं." आणि उठताना, "तुमचापण कागद परत येईल. नाव बदलून येईल." सहा महिने आपण बोललो नाही. भज्यांचे पैसे मीच दिले, हे मात्र तू आजवर कबूल केलेलं नाहीस.

तर कागद आला. फरक एवढाच, की आम्हाला नोटीस यायच्या आतच पांढरी गाडी आली.

पक्याला नुसता लोभ सुटलाय असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. पण दोन वर्षांपूर्वी उधाणात बंधाऱ्याला खांड पडली ती पडलीच. पूर्वी घरटी एक माणूस बंदिस्तीला जायचा, चिखलाचे गोळे हातोहात पुढे जायचे, आबा उघाडीवर बसून ओरडायचे. यंदा बोलावणं केलं तर चौघं आले, त्यातले दोघं साठीच्या पुढचे. पोरं कंटेनर यार्डात, कोणाला शिफ्ट, कोणाला सुट्टी नाही. भरतीचं पाणी आत-बाहेर करतंय. आबा जिथे राता भात लावायचे तिथे आता तिवरं आलीत, माझ्या कमरेइतकी. तोडायची बंदी, म्हणजे शेत आपलं आणि झाड सरकारचं. परवा आईने तिथून निवट्या धरून आणल्या आणि कालवण केलं. मस्त झालं होतं, खोटं कशाला बोलू. पक्या जेवता जेवता म्हणाला, "तीन एकरात एवढंच पिकतं आता, एक वाटी निवट्या." मला उत्तर सुचलं नाही.

रात्री हिशोब मांडत बसतो. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. तुमच्या साडेबारा टक्क्यांनी, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढा प्लॉट परत, असं धरलं तर १५. त्यातून सोयीसुविधांचे पावणेचार टक्के गेले की पावणेनऊ, म्हणजे साडेदहा गुंठे. पलीकडे विमानतळाभोवतीच्या नैना भागात शंभरातले ६० घेतात, ४० परत देतात. एजंट म्हणतो, "शेठ, त्याची वाट बघत बसलात तर नातू प्लॉट बघेल. मी रोख देतो." शेठ म्हणतो मला! तुमच्या काकांनाही असंच कोणीतरी शेठ म्हटलं असेल ना? प्लॉट नकाशावर यायच्या आधीच त्यांनी हक्क विकला आणि दादा पुढे चार वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. मी तेव्हा हसलो होतो. साडेबारा टक्के म्हणजे लॉटरी, असंच मला वाटायचं. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली तेव्हा कुठे त्याची वाट मोकळी झाली, हे दादांनी मला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा माझं लक्ष त्यांच्या अंगणातल्या नव्या बुलेटवर.

दादांचं ते वाक्य मात्र अजून आठवलं की हसू येतं. "मोठमोठ्या आर्किटेक्टांनी आराखडा केला, मंत्रालय येणार म्हणाले. आला कांदा-बटाटा!" वाशी मार्केटच्या बाहेर ट्रकच्या रांगेत अडकलो की ते हमखास हेच म्हणायचे. आता आमच्याकडे काय येणार ते त्यांना विचारायचं राहिलं.

आता तापाचं. कार्याच्या दिवशी मी त्या पांढऱ्या गाडीत बसून पेणला गेलो होतो, भाव ऐकायला. पक्याला कळायच्याही आधी. म्हणजे एजंटला पहिला फोन पक्याने नाही, मी केला होता. पक्याला हे माहीत नाही, आईला बहुतेक माहीत आहे. तुमच्या दारात दादांच्या फोटोसमोर उभं राहून मी काय करणार होतो सांग. अटल सेतू सुरू झाला तेव्हा चिर्ल्याला २५० रुपयांची टोलची पाटी वाचून आपण दोघं गाडी वळवून परत आलो होतो, तसं यावेळी वळता येईना.

तुझं काय? छकुलीची बारावी ना यंदा, तिला सांग काकाने पेन ठेवलाय. वहिनींची पाठ? सोसायटीची लिफ्ट झाली का सुरू? तुमच्या गॅलरीतून विमानं दिसतात म्हणे. आवाज किती येतो ते लिही.

मंगळवारी येशील? संध्याकाळची उरण लोकल पकड, मी स्टेशनवर गाडी घेऊन येतो. आल्यावर आधी बंधाऱ्यावर जाऊ, ओहोटी असेल तर खांड नीट दिसेल. पक्याशी तू बोल असं मी म्हणत नाही. फक्त जेवायला बस त्याच्या शेजारी. आणि दादांच्या त्या पत्र्याच्या पेटीतली जुनी नोटीस अजून असेल तर घेऊन ये, झेरॉक्स नको. आईला दाखवायची आहे.

तुझाच,
बंड्या

ता. क. भज्यांचे पैसे सोडले.