शनिवारी घरी येण्याआधी

ती. आई, ती. बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की आई विचारते जेवलीस का, आणि मग माझं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. कॉलेजला कळवून झालंय. संक्रांत घरी करून १५ तारखेला मी हैदराबादला जातेय, सहा महिन्यांसाठी. केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या योजनेतलं इंडस्ट्रियल ट्रेनिंग आहे, कंपनीत उभं राहून शिकायचं आणि स्टायपेंड सरकारचा. तोच विभाग, डीबीटी हो बाबा, ज्याचे पुण्याला एमएस्सी करताना महिन्याला ५००० यायचे.

घराजवळची नोकरी सोडतेय म्हणून तुम्हाला वाईट वाटणार, माहितीये. पण तासिका तत्त्वावरची नोकरी ती, सुट्टी लागली की पैसे बंद. आणि खरं सांगू, मी फळ्यावर फर्मेंटरची, म्हणजे जंतू वाढवायच्या टाकीची, आकृती काढते, सेन्सर कुठे, हवा कुठून, सगळं पाठ, पण स्वतः एकदाही तो चालवलेला नाही. परवा एका पोरीने विचारलं, मॅडम खूप फेस आला तर नेमकं काय करतात? पुस्तकातलं उत्तर दिलं आणि रात्रभर झोप नाही. मुलाखतींनाही तेच विचारतात, बॅच रेकॉर्ड, म्हणजे एका खेपेच्या मालाची सगळी नोंद, भरलाय का, क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ-जंतू येऊ न देणाऱ्या खोलीत, काम केलंय का. डिग्री आहे, हाताला सवय नाही. पुढे नोकरीची हमी नाहीये, ते लपवत नाही. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने बायोटेक उत्पादनाचं बायोई३ धोरण मंजूर केलं, त्यातल्या तीन ईंपैकी एक ई एम्प्लॉयमेंटचा, रोजगाराचाच आहे, म्हणजे माणसं लागणारच, आणि लागतील तेव्हा मला काम येत असायला हवं.

सरकारी योजनेचं काही खरं नसतं असं बाबा म्हणतील. मग परसातली वेंगुर्ला ७ ची काजूची कलमं कुठली? सरकारी केंद्रातलीच ना? एक तर मी एसटीत मांडीवर धरून आणलं होतं, कुडाळपर्यंत फ्रॉकभर माती.

आई, तुझ्या पेनमधलं इन्सुलिन अशाच टाकीत बनतं. पूर्वी डुकरा-गाईंच्या स्वादुपिंडातून काढायचे, १९८२ पासून जंतूंकडून माणसाचंच इन्सुलिन बनवून घेतलेलं बाजारात मिळायला लागलं. रात्री दोन वाजता टाकीचं तापमान बघत कुणीतरी जागं असतं म्हणून तुला सकाळी ते मिळतं. मला ते काम करायचंय गो.

राहायची काळजी नको. लेडीज होस्टेल आहे, दोघींत एक खोली, गरम पाणी आहे, कंपनीची बस दारात येते. उकडा तांदूळ आणि कुळथाचं पीठ बरोबर नेतेय. फक्त क्लीनरूमच्या आत जाताना बांगड्या, टिकली, काजळ काहीच चालत नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस, बाहेर आले की पुन्हा घालीन.

यंदा आढी लावायला मी नसेन, त्याचंच जास्त वाटतंय. पहिला पिकलेला आंबा बाबा पेंढ्याखाली माझ्यासाठी लपवायचे आणि दादाला सांगायचे उंदराने नेला. अजून तो पेंढ्याचा वास आला की मी सात वर्षांची होते.

आता ऐका. बाबा, झाडावर चढायचं नाही, गडी बघा, मी पैसे पाठवते. फवारणीला तोंडाला नीट मास्क, नुसता पंचा नाही. आई, नवीन पेनं फ्रिजच्या दारात ठेव, फ्रीझरमध्ये नको, गोठलं की ते फुकट जातं. लाइट गेली तर फ्रिज उघडत बसू नकोस. आणि साखर तपासलीस की आकडा कॅलेंडरवर लिही, मी रोज रात्री विचारणार, अंदाजे सांगितलेलं चालणार नाही. गणपतीला मी घरी आहे, मखर मीच करणार, दादाला हात लावू देऊ नका.

शनिवारी संध्याकाळच्या एसटीने येतेय. बाबा, स्टँडवर येऊ नका, गुडघा दुखतो, मी चालत येईन. रागावला असाल तर रागवा, पण जेवताना नको.

तुमची
बाय