महसूलमंत्र्यांना खुले पत्र : ड्रोन मोजणीत पोल धरणारीचा दर कोणता?

प्रति,
मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कोकणातील ड्रोन मोजणीच्या निविदांत कामानुसार एकच दर लावण्याबाबत

महोदय,

गावठाणाचा नकाशा असो, जांभ्याच्या चिरेखाणीतून किती माल निघाला याचा हिशेब असो, की रस्त्याच्या भूसंपादनाची मोजणी, हल्ली सगळीकडे ड्रोनचे नाव निघते. ते चांगलेच आहे. पण निविदेत 'ड्रोन सर्वेक्षण, प्रति हेक्टर' अशी एकच ओळ असते आणि त्या ओळीच्या पोटात कोणाला किती मिळाले, हे खात्याला कधीच दिसत नाही. या कामातला मोठा आणि चुकांना सगळ्यात जास्त वाव असलेला भाग जमिनीवर होतो. तिथे बऱ्याचदा बायका असतात आणि त्यांची हजेरी 'मदतनीस' म्हणून लागते. आमचे म्हणणे एवढ्याच मुद्द्याचे आहे.

काम कसे चालते ते आधी सांगतो. पंचवीस हेक्टरची एखादी उतारावरची वाडी धरा. उड्डाणाआधी जमिनीवर नियंत्रण बिंदू, म्हणजे नकाशा खऱ्या जागेवर बसवायच्या अचूक मोजलेल्या खुणा, मांडावे लागतात. सपाटीला चार कोपरे आणि एक मध्य असे पाच पुरतात. आपल्याकडे सडा (जांभ्याचे उघडे पठार) वर आणि मळा (सखल शेतजमीन) खाली, म्हणून वरचे आणि खालचे धरून आठ-नऊ होतात. शिवाय तीन तपासणी बिंदू वेगळे ठेवायचे. ते गणितात घ्यायचे नाहीत, नंतर चूक मोजायला वापरायचे. प्रत्येक बिंदूवर साठ सेंटिमीटरचा काळा-पांढरा रेक्झिनचा चौकोन खिळ्यांनी पक्का करायचा. नुसत्या चुन्याची फुली स्वस्त पडते, पण लाल जांभ्यावर भर उन्हात चुना फोटोत नुसता पांढरा भगभगीत येतो, फुलीचा मध्य सापडत नाही आणि बिंदू वाया जातो. मग रोव्हरचा (उपग्रहावरून जागा मोजणाऱ्या फिरत्या यंत्राचा) पोल मध्यावर टेकायचा, पोलवरच्या पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणायचा, 'फिक्स' म्हणजे पक्की, अचूक जागा मिळेपर्यंत हलायचे नाही, वाचन दोनदा घ्यायचे, पोलची उंची वहीत लिहायची, खुणेचा फोटो काढायचा. खोऱ्यात मोबाइलची रेंज नसते, त्यामुळे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स (कायमस्वरूपी संदर्भ) केंद्रांकडून वाचनाची दुरुस्ती मिळत नाही. आपलाच बेस, म्हणजे संदर्भाचे स्थिर यंत्र, उभा करून त्यावर राखण ठेवावी लागते. या सगळ्यात तीन-चार तास जातात. ड्रोन त्यानंतर उडतो, साधारण वीस मिनिटे.

आता इथे चूक झाली तर काय होते ते पाहा. पोल १.८० मीटरवर लावला आणि यंत्रात २.०० टाकले, तर सगळा पृष्ठभाग वीस सेंटिमीटरने खाली बसतो. चिरेखाणीच्या एका हेक्टरवर ही चूक २,००० घनमीटरची, म्हणजे सुमारे ७०६ ब्रासची. आधीच्या मोजणीशी ताडून पाहिले की न काढलेला चिरा काढलेला दिसतो. चूक उलट झाली तर काढलेला चिरा गायब होतो. स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) वाद इथूनच सुरू होतो. उंचीचा दुसरा सापळा याहून गमतीचा आहे. उपग्रहाकडून मिळणारी उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. कोकणपट्टीवर त्या दोहोंतला फरक साठ मीटरांहून जास्त आहे. रूपांतर राहिले की किनाऱ्यावरचे घर उणे साठवर दिसते, ते लगेच लक्षात येते. पण अर्धे बिंदू एका पद्धतीचे आणि अर्धे दुसऱ्या, अशी सरमिसळ झाली की नकाशा वाकडा होतो आणि कारण सापडायला दोन दिवस जातात. हे पकडणारी व्यक्ती वहीतल्या नोंदी आणि तपासणी बिंदू घेऊन संगणकापुढे बसलेली असते.

नारळी-पोफळीच्या बागेत तर ड्रोनचा उपयोग कमीच. वरून झावळ्या दिसतात, गडगा (दगडी कुंपण) दिसत नाही. आणि आपल्याकडे हद्द म्हणजे गडगा. तो टोटल स्टेशन (तिपाईवरचे कोन-अंतर मोजणारे यंत्र) लावून पायी मोजावा लागतो. त्या यंत्राच्या नेमाची प्रिझमची काठी घेऊन झाडोऱ्यातून फिरणारी व्यक्ती चुकीच्या कोपऱ्यावर उभी राहिली, तर दोन भावांचा दावा वीस वर्षे चालतो. पावसानंतर कमरेएवढे गवत असताना खाण मोजली, तर गवताचेही घनफळ खडक म्हणून धरले जाते. म्हणून हे काम डिसेंबर ते मे.

पायलटची जबाबदारी आम्ही कमी लेखत नाही. खालून उडवताना उंची १०० मीटर धरली आणि डोंगर साठ मीटर चढला, तर वर कॅमेरा जमिनीपासून चाळीसवर येतो. लागोपाठच्या फोटोंचा एकमेकांवर येणारा भाग पुढच्या दिशेने ८० टक्क्यांवरून ५० वर आणि बाजूने ७० वरून २५ वर घसरतो, नकाशाला भोके पडतात. सड्यावरून उडवून खोऱ्यात गेले तर हरित क्षेत्रातली (जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही) जमिनीपासून १२० मीटरची मर्यादा ओलांडली जाते. चिपी विमानतळापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात मर्यादा ६० मीटर, म्हणजे १०० मीटरवरून उडवण्याच्या तुलनेत तेवढ्याच जागेला फोटो पावणेतीन पट. हे सांभाळणाऱ्याला चांगला मोबदला मिळालाच पाहिजे. प्रश्न त्याच्या बाजूच्यांचा आहे.

चिरे वाहण्याच्या कामावरच्या हजेरीच्या वहीत 'गडी' आणि 'बाई' असे दोन रकाने आपण सर्वांनी पाहिले आहेत. पंचवीस-तीस किलोचा चिरा दोघांच्याही डोक्यावर तेवढाच असतो. मोजणीत हे रकाने उघड नसतात, पदनावात लपलेले असतात. पोल मुलाने धरला तर 'सर्व्हे असिस्टंट', बाईने धरला तर 'मदतनीस'. वारा सुटला आणि उड्डाण रद्द झाले, की असिस्टंटला दिवस मिळतो, मदतनिसाला अर्धी हजेरी किंवा 'उद्या या'. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, त्यामुळे ही वेळ हंगामात वारंवार येते.

यावर कायदा नाही असे नाही. १९७६ चा समान वेतन कायदा होता. त्याची जागा घेणाऱ्या वेतन संहिता २०१९ च्या कलम ३ मध्येही समान किंवा समान स्वरूपाच्या कामाला लिंगावरून वेगळे वेतन देता येत नाही. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल तर काम सारखे, पदनाव काहीही असो. दोघांनाही किमान वेतनाच्या वर देतो, हे ठेकेदाराचे उत्तर इथे चालत नाही. पळवाट वेगळीच आहे : कलम 'एकाच मालकाकडील' कामगारांची तुलना करते. म्हणून ड्रोन आणि असिस्टंट एजन्सीचे, बायका स्थानिक मुकादमाच्या. दोन मालक झाले, तुलना संपली.

ही पळवाट न्यायालयाआधी निविदेत बुजवता येते आणि ते आपल्या हातात आहे. पहिले म्हणजे 'प्रति हेक्टर' दराचे विश्लेषण मागवा. वर सांगितलेल्या पंचवीस हेक्टरला पायलट एक दिवस, उड्डाण निरीक्षक एक दिवस, बिंदू मांडणारी दोन माणसे प्रत्येकी एक दिवस, संगणकावरची प्रक्रिया दीड दिवस, असे मनुष्यदिवस आणि त्यापुढे भूमिकेचा दर. त्या भूमिकेवर कोण येते यावरून दर बदलणार नाही, हे अटीत लिहा. संपूर्ण चमू एकाच हजेरीपटावर हवा, मुकादमाकरवी नको. वाऱ्यामुळे उड्डाण रद्द झाले तर हजर असलेल्या सर्वांना सारखा दिवस. बिल मंजूर करताना तपासणी बिंदूंच्या अहवालाबरोबर बँकेतून दिलेल्या पगाराची यादी जोडायला लावा. महिना पगार पुढच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतोच. बिंदूच्या नोंदवहीत वाचन घेणाऱ्याचे नाव आणि सही घ्या. यात खात्याचाही फायदा आहे, कारण चूक निघाली तर कोणाला विचारायचे ते कळते. बांधकामाच्या जागेवरील मोजणीत असलेल्या बाईला ही सही बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी लागणारे कामाचे ९० दिवस दाखवायलाही कामी येईल.

'नमो ड्रोन दीदी' योजनेत बचत गटांच्या बायका फवारणीचे ड्रोन शिकतात. त्यांना मोजणीत आणा, असे सुचवणे सोपे आहे. मात्र पायलटचे प्रमाणपत्र ड्रोनच्या वर्गानुसार मिळते, फवारणीच्या ड्रोनला मोजणीचा कॅमेरा नसतो आणि आंब्याच्या मोहोरावरची फवारणी नेमकी मोजणीच्याच हंगामात येते. ज्यांना यायचे आहे त्यांना रोव्हर, बिंदू मांडणी आणि फोटोंची प्रक्रिया यांचे दहा-बारा दिवसांचे शिक्षण जिल्ह्यातच द्या. पुण्याला जाऊन राहणे त्यांना परवडत नाही.

पुढच्या हंगामाच्या निविदा पावसाळ्यातच तयार होतात. दरविश्लेषणाचा मसुदा हवा असेल तर आम्ही बसून करून देऊ.

आपले,
कोकणातील मोजणी व बांधकामाच्या कामातील स्त्री-पुरुष

प्रत : मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य