आकडे लिहून घेणाऱ्या काकांना

काका,

फोनवर तुम्ही "बरं, ठेवतो" याच्या पुढे जात नाही, म्हणून पत्र लिहितेय. आणि उघड लिहितेय, कारण गेले सात महिने मी चारचौघांतच मूर्ख ठरत होते. आभारही चारचौघांतच मानते.

काल रात्री वर्तुळ गोल आलं.

100 मिलिमीटर व्यासाचं, 12 मिलिमीटर जाडीच्या प्लायमधलं. कॅलिपर आडवा लावला, उभा लावला, तिरका लावला. फरक 0.05 च्या आत. घरातल्यांनी कौतुकाने पाहिलं, पण "गोल तर आहेच की" असा चेहरा लपला नाही. त्यांचं चूक नाही. घरी सीएनसी राउटर, म्हणजे कंप्युटरच्या आकड्यांवर चालणारं कापायचं मशीन, जोडलेल्या माणसालाच हे कळायचं. सरळ रेघ कसलंही मशीन मारतं. वर्तुळ काढायला सांगितलं की मात्र मशीनच्या पोटातलं सगळं बाहेर येतं. एका फेरीत प्रत्येक अक्षाला दोनदा दिशा बदलावी लागते, आणि उलटताना कुठे ढिलाई असेल तर नेमक्या त्या जागी कडेवर सपाट पट्टी उमटते. माझ्या वर्तुळाला अशा दोन पट्ट्या होत्या, समोरासमोर, गॅन्ट्री, म्हणजे कापणारं हत्यार धरून सरकणारी आडवी कमान, जिथे पुढून मागे आणि मागून पुढे वळते तिथे. वर्तुळ त्याच दिशेने पाव मिलिमीटरहून थोडं जास्तच आखूडही होतं.

हे मी किट विकणाऱ्याला फोटोंसकट कळवलं होतं. पहिलं उत्तर आलं, मोटर लहान पडतेय, मोठी घ्या. (मोठी मोटर तोच विकतो.) दुसरं उत्तर, तुमचं मोजणं चुकतंय. तिसऱ्या वेळी त्याने फोन केला आणि विचारलं, घरात यातलं कळणारं दुसरं कुणी आहे का? अकराव्या निरोपाला नुसता अंगठा आला. त्यानंतर मी लिहिणं सोडलं.

बाकीचे सल्लागार फुकटातले होते, त्यामुळे त्यांच्यावर राग धरण्याचा मला हक्क नाही, तरी थोडा धरते. एकाने मोटर चालवणारा बोर्ड, म्हणजे ड्रायव्हर, बदलायला लावला. एकाने केबलला शिल्ड नसल्याचं निदान केलं, तेही न बघता. एक जण आला, मशीनभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, "यापेक्षा तयार घ्यायचं ना" म्हणाला आणि गेला. त्यांतल्याच कुणाच्या तरी नादाने मी सर्वात मोठा अपराध केला: सेटिंगमधला आकडाच बदलला. मोटर एका फेऱ्यात 200 पावलं टाकते, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे 8 तुकडे करतो, स्क्रू एका फेऱ्यात गॅन्ट्री 5 मिलिमीटर सरकवतो. म्हणजे मिलिमीटरला 320 पावलं. यात मताला जागाच नाही. मी तिथे 320.9 टाकलं. 100 चं वर्तुळ मापात आलं, पट्ट्या मात्र तशाच राहिल्या, आणि 20 चा तुकडा कापला तर तो पाव मिलिमीटरच्या आसपास आखूडच.

मी दिवसभर हिशेबाची नोकरी करते, काका. रक्कम लहान असो की मोठी, फरक तेवढाच येत असेल तर चूक दरात नसते, कुठली तरी एक नोंद गहाळ असते, हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवते. घरी आल्यावर तेच मला दिसलं नाही. सात महिने "तुमचं मोजणं चुकतंय" ऐकलं की माणूस स्वतःच्या डोळ्यांवरच संशय घेऊ लागतो.

मग तुम्ही आलात. मी बोलावलंही नव्हतं. तुमच्या सूनबाईंकडे सहज रडगाणं गायले होते, तर रविवारी सकाळी दारात तुम्ही, हातात फडक्यात गुंडाळलेला डायल गेज, बारीकसं सरकणंही तबकडीवर काट्याने दाखवणारा, आणि मॅग्नेटिक स्टँड. आल्या आल्या म्हणालात, "कंप्युटरचं मला काही विचारू नकोस. पण स्क्रू आणि नट मला ओळखतात." आणि मशीनचा वीजपुरवठा बंद करायला लावलात. बंद! इतक्या महिन्यांत प्रत्येकाने ते चालू करून बघितलं होतं.

तुम्ही काय काय खोललं ते सगळं इथे लिहीत नाही. मला ती अर्धी सकाळच सांगायची आहे.

गेज तुम्ही गॅन्ट्रीला लावलात आणि मला त्याच्यासमोर जमिनीवर बसवलंत. स्वतः पलीकडच्या बाजूला गेलात, जिथून तबकडी दिसतच नव्हती. "मी ढकलतो, तू वाच." खिशातून छोटी वही काढलीत, बोटभर उरलेली पेन्सिल काढलीत. स्क्रू जागच्या जागी, तुम्ही गॅन्ट्री आधी पुढे रेटायची, मग मागे, मी काटा किती रेघा सरकला ते सांगायचं, एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. मी म्हटलं 28. तुम्ही लिहिलंत 28. मी म्हटलं 27. तुम्ही लिहिलंत 27. एकदाही वाकून बघितलं नाहीत.

सातव्या वेळी काटा 31 वर गेला. मी घाबरून म्हटलं, "31... नाही, माझं चुकलं वाटतं."

तुम्ही विचारलंत, "चुकलं, की वाटतं?"

मी पुन्हा पाहिलं. 31 च होते. तुम्ही 31 लिहिलंत, आणि वहीतून मान वर न करता म्हणालात, "बरोबर आहे. या वेळी मी जोर जास्त दिला होता."

काका, तुमच्या लेखी ही फार तर एक ओळ असेल. मला पुढचं काही वेळ नीट दिसत नव्हतं, आणि ते डोळ्यांत गेलेल्या प्लायच्या भुशामुळे नव्हतं. ऑफिसात माझ्या आकड्यांवर मोठमोठ्या सह्या होतात. या टेबलावर माझा आकडा जसाच्या तसा लिहून घेणारे तुम्ही पहिले. आणि तुम्ही तो दयेने लिहून घेत नव्हता. काम तसंच करायचं असतं, म्हणून घेत होता.

पुढचं लवकर आटपलं. तुम्ही स्क्रूच्या टोकाच्या मधोमध असलेल्या खळग्यात ग्रीसने एक स्टीलची गोळी चिकटवलीत, गेजचं टोक त्या गोळीवर टेकवलंत आणि परत "वाच". 26 रेघा. म्हणजे सगळा स्क्रूच लांबीच्या दिशेने पुढेमागे सरकत होता. स्क्रूवर बसून गॅन्ट्री ओढणाऱ्या ज्या नटला मी सात महिने शिव्या घातल्या त्याच्या वाट्याला फक्त दोन रेघा उरल्या, बिचारा. टोकाच्या बेअरिंग ब्लॉकमध्ये जो स्पेसर, म्हणजे मधली जागा भरणारी रिंग, असायला हवा तो किटमध्ये आलाच नव्हता. त्यामुळे लॉकनट घट्ट वाटायचा पण बेअरिंगला दाबतच नव्हता, आणि स्क्रूला जागेवर धरून ठेवायचं काम मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या लवचीक कपलिंगवर पडलं होतं, जे स्प्रिंगसारखं ताणलं जात होतं. गहाळ नोंद सापडली! दोन दिवसांनी तुम्ही ती रिंग ओळखीच्या कुणाच्या तरी लेथवर स्वतः काढून आणलीत, कडा मोडलेल्या, बोटाला न टोचणाऱ्या. आत बसल्यावर कधी कुणाला दिसणार नाही अशा रिंगच्या कडा कोण मोडतं?

विषय निघाला म्हणून. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात 1952 साली आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं, तेव्हा आदेश छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवरून जायचे आणि कंट्रोलरमध्ये निर्वात नळ्या होत्या. आता ते काम तळहाताएवढा बोर्ड करतो, आणि आमच्यासारखे लोक समजतात की मशीन म्हणजे तो बोर्डच. लोखंडाशी बोलायला कुणी शिकवत नाही. मलाही तुम्ही शिकवायला बसला नव्हता. फक्त एकदा सेटिंग दाखवताना 320.9 बघून विचारलंत, "हा नऊ कुठून आला?" मी सांगितलं. तुम्ही हसला नाहीत, रागावला नाहीत. "काढून टाक. हिशेब खरा ठेव, मशीनला विचारू." नंतर चहा न घेता गेलात, कारण तुमचं गुडघ्याचं औषध घ्यायची वेळ झाली होती.

जाणकार मला बरेच भेटले. त्यांतल्या बहुतेकांना माझा प्रश्न संपायची वाट बघणं जमत नव्हतं. तुम्हाला ऐकून घेता येतं, आणि समोरच्याला लहान न करता त्याची चूक बाजूला काढून ठेवता येते. हे तुम्हाला तीस वर्षं लेथवर उभं राहून आलं, की आधीपासूनच होतं, ते मला ठरवता येत नाही. पण त्या दुकानदाराकडे माझ्या आठवड्यांमागून आठवड्यांच्या तक्रारी होत्या आणि तुमच्याकडे एक सकाळ. एवढा फरक नुसत्या अनुभवाने पडत नसावा.

वहीचं ते पान मी मागून घेतलं, ते मशीनच्या वर भिंतीवर लावलंय. 28, 27, 28, 28, 27, 28, 31. 31 खाली तुम्ही बारीक रेघ ओढलीत, ती मला आत्ता दिसली.

आणि मशीनचं पहिलं खरं काम सुरू केलंय. तुमच्या गेजसाठी लाकडी डबी. इतकं नाजूक उपकरण फडक्यात फिरतं हे मला बघवलं नाही. तबकडीची खाच झाली, दांड्याची 8 मिलिमीटरची खाचही झाली, छान बसेल. झाकण मात्र अडलंय. गेजच्या पाठीवर जो कान आहे त्याची उंची मी आठवून, अंदाजाने धरलीय, आणि अंदाज म्हटल्यावर तुम्ही काय म्हणाल ते मला ऐकू येतंय. तेव्हा येताना गेज घेऊन या. गुडघ्याचं औषधही बरोबर आणा, म्हणजे चहा चुकवता येणार नाही.