ओल्या कचऱ्याचं विरजण

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

वास्तुशांतीला तुमचं बाणेरचं घर डोळे भरून पाहिलं. एक गोष्ट मात्र तिथे पाहुण्यांसमोर बोलले नाही. सिंकखाली एकच डबा होता आणि त्यात मटारच्या शेंगांची सालं, दुधाच्या पिशव्या, पिल्लूचा डायपर, सगळं एकत्र. घरी आल्यावरही तेच मनात राहिलं, म्हणून लिहायला बसले.

तू सातवीत होतास तेव्हाची गोष्ट. लोणच्याची बरणी फुटली आणि काचा मी तशाच कचऱ्यात टाकल्या. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताई नेहमीसारख्या जिन्याखाली बसून हाताने कचरा वेगळा करायला लागल्या आणि त्यांचा तळहात चिरला. हळद दाबून दवाखान्यात नेलं, तीन टाके पडले. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून पुन्हा दारात हजर, कारण खाडा परवडणारा नव्हता. तोवर कचरा डब्यात गेला की संपला, असंच मी धरून चालले होते.

आपल्या पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना बांधली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. वेगळा केलेला सुका कचरा विकून त्यांच्या हातात पैसे येतात. आमटीत भिजलेला पुठ्ठा कोणी विकत घेत नाही रे. आपण एक डबा जास्त ठेवला नाही, तर तेवढं कुणाच्या तरी कमाईतून जातं.

म्हणून आधी दोन डबे आण. काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहायचं. डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडी कोणाला उघडून बघावी लागत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नकोस, तो इवलासा तुकडा कुठेतरी उडून जातो आणि कोणाच्याच हाती लागत नाही. पिशवी विसळून ओट्याशी वाळत घातली की रद्दीवाला घेतो. आणि हे काम सूनबाईवर ढकलू नकोस, तू स्वतः कर.

ओला कचरा घराबाहेर काढूच नये, असं माझं ठाम मत आहे. फुरसुंगी आणि उरळी देवाचीच्या लोकांनी कचरा डेपोपायी किती वर्षं दुर्गंधी सोसली, किती आंदोलनं केली! आपल्या भाजीचे देठ त्यांच्या दारात का सडावेत? एका जुन्या बादलीला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाड. तळाला वाळक्या पानांचा जाड थर दे. त्यावर रोजची सालं, देठ, चहाचा चोथा बारीक करून टाक आणि दर वेळी तेवढीच वाळकी पानं वर पसर. दोन-तीन दिवसांनी खालीवर करायचं. वास आला तर समज, ओल जास्त झाली. मग पानं वाढव. अळ्या दिसल्या तरी घाबरू नकोस, त्या कचराच खातात. तेलकट उरलंसुरलं मात्र पहिले काही महिने टाकू नकोस. दोनेक महिन्यांत पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येऊ लागेल. पानं विकत आणायची नाहीत. तुमच्या रस्त्यावर पानगळीत ढीग पडतात आणि लोक ते जाळतात. तेच एक पोतं भरून आण.

पाण्याचंही सांगते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही. तुझी आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची. पूर ओसरला, पण नळ कोरडे, आणि ती विहिरीवरून पाणी वाहायची. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायची सवय तिला तेव्हाची, माझ्याकडे तिच्याकडून आली. तुमचं आरओ जेवढं पाणी गाळतं त्याहून जास्त बाहेर टाकतं. ती नळी मोरीत न सोडता बादलीत सोड. फरशी पुसायला, कमोडमध्ये ओतायला ते पाणी चांगलं.

विजेचं तुला मी काय शिकवणार! एसी चोवीसवर ठेव आणि गीझर आंघोळ झाल्यावर आठवणीने बंद कर, एवढंच. आजीच्या सुती लुगड्यांची गोधडी शिवून ठेवली आहे, पिल्लूसाठी. नवीन दुलई घेऊ नका.

पुढच्या रविवारी येते. माझ्या बादलीतलं तयार खत डबाभर आणीन. दह्याला विरजण लागतं, तसं पहिल्या थरावर ते पसरलं की काम लवकर सुरू होतं. तोवर गॅलरीत दुपारी ऊन कुठपर्यंत येतं ते बघून कळव, म्हणजे बादली कुठे ठेवायची ते ठरवता येईल.

तुझी,
आई