वहिनी, त्या रविवारच्या पिक्चरसाठी थँक्यू

वहिनी,

घरी बोललो असतो तर तुम्ही "काय भावजी, त्यात काय एवढं" म्हणून विषय उडवून लावला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. त्या रविवारी दोन्ही पोरांच्या मधे बसून तुम्ही अख्खा 'फँटम मेनेस' मराठीतून सांगत होतात, त्याबद्दल अगदी मनापासून आभार.

हा स्टार वॉर्सचा १९९९ चा पिक्चर मला अजिबात आवडला नव्हता. आम्ही सगळे डार्थ व्हेडर, म्हणजे आधीच्या भागांमधला तो काळ्या मुखवट्याचा व्हिलन, लहानपणी कसा होता ते बघायला बसलो होतो आणि समोर आला एक गोड पोरगा, सिनेटमधली भाषणं, व्यापारावरच्या टॅक्सची भांडणं आणि वर तो लांब कानांचा, धडपडणारा विनोदी जार जार. सुरुवातीला वर सरकत जाणारी ती पिवळी अक्षरं तुम्ही एका दमात सांगून टाकलीत, "व्यापाऱ्यांनी एका राज्याला वेढा घातलाय, आत काही जाऊ देत नाहीत, म्हणून दोन माणसं बोलणी करायला निघालीत". झालं, पोरं बघायला लागली पण!

पॉडरेसला, म्हणजे त्या उडत्या गाड्यांच्या शर्यतीला, धाकटा सोफ्यावर उभाच राहिला, नंतर मी त्याला सांगितलं की लांबून दिसणारी ती स्टेडियममधली गर्दी म्हणजे मॉडेलमधे खोचलेल्या रंगवलेल्या कापसाच्या काड्या, कान साफ करायच्या असतात त्या, तर त्याला ते खरंच वाटेना. पण मला हलवलं ते थोरलीने. ॲनाकिन (तोच गोड पोरगा, पुढे व्हेडर होणारा) आणि त्याची आई दोघंही भंगारवाल्या वाटोचे गुलाम, आणि वाटो दोघांना सोडायला तयार नाही, म्हणून फासा टाकतात, निळा आला तर पोरगा आणि लाल आला तर आई. फासा पडताना क्वाय-गॉन (बोलणी करायला निघालेल्या त्या दोघांपैकी एक, जेडाय म्हणजे जादूसारखी पॉवर असलेला योद्धा) हळूच हात हलवतो ते तिने बरोब्बर पकडलं. "चीटिंग केली त्याने! एवढी पॉवर आहे तर मग आईला का नाही सोडवत?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, माझ्याकडेही उत्तर नव्हतं, आणि खरं सांगू का, पिक्चरमधेही नाहीये. मग निळा आल्यामुळे ॲनाकिन एकटाच निघतो, थोडं पुढे जाऊन पळत आईकडे परत येतो, ती म्हणते मागे वळून बघू नकोस. पुढे जेडाय कौन्सिलमधे ती सगळी मोठी माणसं त्याला म्हणतात तुझं सगळं लक्ष आईकडे आहे, तुझ्यात भीती आहे, तेव्हा धाकटा म्हणाला "मग आठवणारच ना आई".

पोरांना व्हेडर माहीतच नाही. त्यांच्यासाठी ही आईला सोडून निघालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाची गोष्ट आहे, आणि तशी बघितली की पिक्चर उभा राहतो, पुढच्या सगळ्याचं मूळ त्या फाशाच्या सीनमधेच आहे. (ती सिनेटमधली भाषणं मात्र आजही कंटाळवाणीच, त्यात काही बदल नाही.)

आणि जार जार! त्याची जीभ बधिर होते तिथे दोघं गडाबडा लोळत होती. ते काम अहमद बेस्टने केलंय, ती विचित्र झुलती चाल त्याची स्वतःची, पडद्यावर मात्र कॉम्प्युटरने बनवलेलं पात्र दिसतं. लोकांनी त्याला इतकं झोडपलं की जीव द्यायचा विचार मनात आला होता असं २०१८ मधे त्याने स्वतः लिहिलं. २०२३ मधे 'मँडलोरियन' या स्टार वॉर्सच्याच सिरीजमधे तो जेडाय म्हणून परत आला, छोट्या ग्रोगूला (त्यातलं ते हिरवं बाळ) वाचवणारा, तो सीन मी पोरांना लगेच यूट्यूबवर दाखवला.

आता एक विचारायचंय. थोरली रोज विचारतेय की ॲनाकिन आईला सोडवायला कधी जाणार. २००२ च्या पुढच्या भागात तो जातो, पण उशीर झालेला असतो, ती त्याच्या हातातच जाते. आत्ता दाखवायचा का अजून दोन-तीन वर्षं थांबायचं? तुम्ही म्हणाल तसं करू, फक्त दाखवायचा असेल तर सांगायला मधे तुम्हीच बसा.

तुमचा,
धाकटा दीर